मुकादम परक्याच्या हातचं खात नाही

खरं प्रेम माणसाला योग्य रस्त्यावर आणतं, असं मोठ्या गंभीरपणानं सांगितलं जातं. सम्राट ओव्हाळला त्यानं रस्त्यावरून खाली, कांद्याच्या ओल्या वाफ्यात आणलं. तेही मोटारसायकलसकट.

साल दोन हजार चार, महिना जानेवारी, गाव शिरूर तालुक्यातलं निमोणे. आभाळ भरून आलेलं, पावसाची भुरभुर चाललेली. अशी हवा प्रेमाला पोषक असते असा शहरात समज आहे. निमोण्यात अशा हवेत कांद्यावर करपा रोग पडतो, त्यामुळे त्या सकाळी गावात कुणीही प्रेमाच्या मनःस्थितीत नव्हतं.

सम्राटही नव्हता. तो दौंडचा. अंगात रेनकोट, पाठीला सॅक, आणि डोक्यात महिन्याचं टार्गेट. रस्त्यावरच्या मोरीजवळ एक काळं कुत्रं उठलं आणि त्याच्या मागच्या चाकाशी धावू लागलं. ते भुंकलं नाही, याचीच त्याला जास्त भीती वाटली. गाडी उजवीकडे घेतली की कुत्रं उजवीकडून यायचं. वेग वाढवला की पुढं जाऊन थांबायचं. हे कुत्रं आपला पाठलाग करत नसून आपल्याला हाकतंय, हे त्याला कळलं तेव्हा पुढचं चाक चिखलात होतं.

"आधी इंजिन बंद करा," वाफ्यातून आवाज आला. "रोपं उडत्यात."

कांद्याची लागवड करणारी एक मुलगी कमरेवर हात ठेवून उभी होती. डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली, कोपरापर्यंत चिखल, आणि डाव्या भुवईवर पावसाचा एक थेंब... अडकलेला. त्या थेंबाचं वर्णन सम्राट पुढं आयुष्यभर करत आला. आपण इथेच थांबू.

"तुमचं कुत्रं —"

"चावलं का?"

"नाही."

"भुंकलं?"

"नाही."

"मग तक्रार काय हाय?"

"त्यानं मला... वळवलं."

"कामच हाय त्याचं. उन्हाळ्यात मेंढ्या इकल्या आम्ही. आता त्याला कोन सांगनार? सकाळपासनं एक दूधवाला झाला, पोस्टमन झाला, आन् तुम्ही." तिनं त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुम्ही जरा लौकरच वळला."

मुलीचं नाव सुषमा कोळपे. शिरूरच्या कॉलेजात बी.ए.ला होती आणि कॉलेज नसेल तेव्हा शेतात. कुत्र्याचं नाव मुकादम. कळपातलं सगळं काम मेंढ्या करायच्या आणि हा नुसता मागेपुढे फिरून त्यांच्यावर नजर ठेवायचा, म्हणून मुकादम.

सम्राटनं गाडी बाहेर काढली, कपडे झटकले, आणि संकटात सापडलेला विक्रेता जे करतो तेच केलं. माल काढला. तो पशुखाद्याच्या एका कंपनीचा प्रतिनिधी होता. शिरूर आणि दौंड हे दोन तालुके त्याच्याकडे. गाईम्हशींची पेंड बरी खपायची, पण त्या वर्षी कंपनीनं खास कुत्र्यांसाठी हाडाच्या आकाराचं बिस्कीट काढलं होतं. चकचकीत पाकीट, वर सोनेरी केसांचं परदेशी कुत्रं, समाधानानं हसणारं. निमोण्यातलं कुठलंही कुत्रं आजवर तसं हसलेलं नव्हतं.

त्यानं एक बिस्कीट मुकादमापुढं धरलं. मुकादमानं बिस्किटाकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं.

"न्हाई खायचा त्यो."

"जगातलं कुठलंही कुत्रं ह्याला नाही म्हणत नाही, मॅडम. कंपनीनं चाचण्या घेतल्यात."

"कुठं?"

"...परदेशात."

"मग तिथल्यांनाच द्या. सवय असंल त्यांना."

तिनं वाकून वरंब्यावरचं एक गाजर उपटलं, ओढणीला पुसलं, मोडलं आणि तळहातावर ठेवून पुढं केलं. मुकादमानं ते कडकड आवाज करत खाल्लं. डोळे मिटून.

"कुत्रं... गाजर खातं?"

"काकडी खातं. दुधी खातं. पपईची फोड दिली तर बिया काढून खातं. म्हंजी बिया मी काढते." ती पहिल्यांदा हसली. "मॅडम नका म्हनू. चिखलात उभी हाय मी."

या गाजरामागं थोडा इतिहास होता. सुषमाचे वडील मल्हारी आबा. कोळप्यांच्या पिढ्या मेंढ्यांमागं गेल्या. आबांचे पाय दुखायला लागले तसा त्यांनी कळप विकला आणि ते घरी बसले. मुकादमही बसला. सकाळी दोघं ओसरीवर चहा घ्यायचे. म्हणजे आबा चहा घ्यायचे आणि मुकादम खारी. एक आबांना, एक मुकादमाला. दुकानातून बिस्किटाचा पुडा आला की त्याचीही अशीच वाटणी. बोलणं काही नसायचं. दोघांचंही काम गेलेलं होतं आणि दोघांनाही त्यावर काही सुचत नव्हतं.

मुकादम फुगत गेला. म्हशीला इंजेक्शन द्यायला आलेल्या डॉक्टरांनी त्याच्या बरगड्या चाचपल्या आणि त्या सापडल्या नाहीत. "खारी बंद, पुडा बंद," ते म्हणाले. "तोंड चाळवायला गाजर द्या, काकडी द्या. द्राक्षं नकोत. आणि कांदा अजिबात नको, कुत्र्याला विष आहे." आजूबाजूला पसरलेल्या कांद्याकडे बघत आबा म्हणाले, "म्हंजी ह्याला आता गावच बदलावं लागंल." पण सुषमानं वरंब्यावर गाजर लावलं, आणि ते हाती येताच मुकादम आठवड्याभरात शाकाहाराला लागला.

राहिला प्रश्न हाताचा. मेंढ्या चोरणारे लोक आधी कुत्र्याला काहीतरी चारतात. म्हणून आबांनी मुकादम पिलू असतानाच त्याला धडा दिला होता. शेजारच्या हरिबाला भाकरी दिली आणि त्याच्या हातून ती मुकादमाला चारायला लावली. भाकरीच्या पोटात मिरचीचा ठेचा. असं चार वेगवेगळ्या माणसांकडून झालं. तेव्हापासून मुकादम घरच्या तीन माणसांच्या हातचंच खायचा. आबा, आई गिताबाई आणि सुषमा. बाकी कुणी बर्फी धरली तरी तोंड फिरवायचा. आबांना आयुष्यात दोनच गोष्टींचा अभिमान होता, आणि दुसरी कुठली ते त्यांना पटकन आठवत नसे.

त्यानंतर कंपनीच्या कामानं सम्राटला निमोण्याला वरचेवर यावं लागलं. कंपनीला याची कल्पना नव्हती.

"म्हशीचं दूध वाढलं का, विचारायला आलो," तो बांधावर उभा राहून म्हणायचा.

"मंगळवारीच इचारलं की."

"वाढलं असेल तेवढ्यात."

"म्हैस हाय ती, व्याज न्हाई."

ती खुरपत पुढं सरकायची, तोही बांधावरून तेवढाच पुढं सरकायचा, आणि दोघांच्या मधून मुकादम ये-जा करायचा. कुणी लांब गेलं की त्याला परत जवळ आणायचा. त्याच्या दृष्टीनं कळप लहान होता, पण नसण्यापेक्षा बरा.

एके दिवशी सम्राटनं तिला व्हिजिटिंग कार्ड दिलं. काही अडचण आली तर फोन करायला. तिनं ते वाचलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि खुरपं बाजूला ठेवलं. कार्डावर नावापुढं आडनाव होतं, आणि शिरूर-दौंडकडे आडनावावरून माणसाची वस्ती, देव आणि जात एका दमात कळते.

"ओव्हाळ," ती म्हणाली.

"हो." तो थांबला. "वाचलंत ना... मग?"

"मग काय?"

"मग कार्ड परत द्यायचं असेल तर..."

सुषमानं कार्ड ओढणीच्या टोकात बांधलं. गाठ दोनदा ओढून पाहिली. "पावसात भिजंल," ती म्हणाली. त्या दिवशी ऊन होतं.

मग एकदा त्यानंच विषय काढला. "मला एकदा देऊ द्या ना त्याला. गाजर."

"घरच्याच हातचं खातो त्यो. सांगितलं न्हवं?"

"मग घरचं व्हायला काय करावं लागतं?"

प्रश्न विचारून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय विचारलं. तिलाही कळलं. मुकादमालाही काहीतरी कळलं असावं. तो खाली बसला.

"हात करा पुढं," सुषमा म्हणाली.

त्यानं हात पुढं केला. तिनं आपला हात त्याच्या हातावर पालथा ठेवला, बोटं बोटांवर, आणि गाजराचा तुकडा दोघांच्या चिमटीत धरला. तिचा हात गार होता, ओल्या मातीचा. मुकादम पुढं आला. त्यानं वास घेतला. आधी वरचा हात, मग खालचा, मग पुन्हा वरचा. त्याच्या कपाळावर खरोखर आठी पडली.

"हलू नका," ती कुजबुजली.

"मी कुठं हलतोय."

"हात थरथरतोय तुमचा."

"तो... मोटारसायकलचा आहे. हँडल धरून होतं तसं."

मुकादमानं गाजर घेतलं.

पुढं हे रोज — म्हणजे सम्राट येईल त्या रोज — चालू राहिलं. आधी तिचा पूर्ण हात वर असायचा. मग चार बोटं. मग दोन. मग नुसती करंगळी. सम्राटला मनापासून वाटत होतं की कुत्र्यानं शिकायला वेळ लावावा. मुकादम हुशार निघाला. फेब्रुवारीत एका दुपारी करंगळीही बाजूला झाली, आणि मुकादमानं सम्राटच्या एकट्याच्या हातून गाजर खाल्लं. खाऊन झाल्यावर तळहात चाटला.

सम्राट आनंदानं वळला. सुषमाचे डोळे भरलेले होते.

"काय झालं?"

"आबांनी ठेचा चारून शिकवलं हुतं त्याला," ती म्हणाली. "मी गाजर चारून मोडलं."

"सांगायचं का आबांना?"

"काय सांगनार? म्हशीचं दूध वाढलं म्हनून?"

सांगावं लागलं नाही. मार्च उजाडताच कंपनीनं निमोण्यात मेळावा ठेवला. कारण असं की, सम्राटच्या रिपोर्टांवरून पुण्याच्या मॅनेजरसाहेबांना निमोणे ही मोठी बाजारपेठ वाटू लागली होती. ग्रामपंचायतीसमोर मांडव पडला, माइक आला, सोनेरी कुत्र्याचा बॅनर लागला. चहा आणि चिवडा असल्यामुळे लोकही आले. प्रात्यक्षिकासाठी गावातलं सगळ्यात नामांकित कुत्रं म्हणून मुकादमाला आमंत्रण होतं. आबा फेटा बांधून आले. मुकादम आता सडपातळ झाला होता आणि गावातल्या बऱ्याच पुढाऱ्यांपेक्षा चांगला दिसत होता.

साहेबांनी माइकवरून सांगितलं की श्वान हा कुटुंबाचा सदस्य असून त्याचा आहार शास्त्रीय असला पाहिजे. मग बिस्कीट पुढं केलं. मुकादमानं आभाळाकडे पाहिलं.

"लाजतोय," साहेब म्हणाले.

"लाजत न्हाई," आबांनी माइक आपल्याकडे ओढला. "आमचं कुत्रं परक्याच्या हातचं खात न्हाई. आम्ही तीन मानसं सोडून आजवर कुनाच्या हातचं खाल्लं न्हाई. आख्ख्या तालुक्यानं येऊन बघावं."

टाळ्या पडल्या. साहेब घामेजले. "ओव्हाळ, तुम्ही या. तुमचा एरिया आहे."

सम्राट मागच्या खांबाशी उभा होता. तो नको नको म्हणत पुढं आला, बिस्कीट हातात घेतलं आणि शक्य तितक्या लांबून धरलं. बायकांमध्ये बसलेल्या सुषमानं डोळे मिटून घेतले.

मुकादम उठला. शेपूट हलवत त्याच्याजवळ गेला. बिस्किटाला त्यानं नाकानं बाजूला केलं, सम्राटच्या पँटच्या खिशात तोंड घातलं आणि आतलं अर्धं गाजर बाहेर काढलं. तिथंच खाल्लं असतं तरी निभावलं असतं. पण शिस्तीचं कुत्रं. त्यानं ते गाजर सम्राटच्या तळहातावर ठेवलं, आणि मग तिथून खाल्लं. डोळे मिटून.

मांडवात चिवडा चावण्याचासुद्धा आवाज येईना. तीन माणसं, असं आबा आत्ताच माइकवर म्हणाले होते. गावानं हिशेब केला. मग एकेक करून सगळ्या माना बायकांच्या बाजूला वळल्या.

हरिबानं सगळ्यांच्या वतीनं सांगून टाकलं. "आबा, पाव्हनं घरचंच दिसत्यात."

साहेबांचं दुःख वेगळं होतं. "ओव्हाळ," ते हळू आवाजात म्हणाले, पण माइक चालू होता, "आपला माणूस खिशात गाजर ठेवतो?"

नोकरी तिथंच गेली.

आबा घरी आले ते ओसरीवर बसले. सुषमाशी एक शब्द नाही. गिताबाईंना म्हणाले, "माझं कुत्रं फितवलं तिनं."

"अवो, कुत्र्याचं काय घिऊन बसला? पोरीचं बगा. कुनाचा कोन पोरगा, आपल्यातला तरी हाय का?"

"पोरीला मी काय शिकवलं न्हवतं. कुत्र्याला शिकवलं हुतं." त्यांनी फेटा काढून बाजूला ठेवला. "आता ते कुनाच्या बी हातचं खाईल. राखनीचं कुत्रं गेलं माझं."

यवतचं एक स्थळ बरेच दिवस पडून होतं. मुलगा जयसिंग, हायवेवर हॉटेल. आबांनी त्यांना रविवारी या म्हणून निरोप पाठवला.

शुक्रवारी सुषमा कॉलेजला आली तेव्हा सम्राट शिरूरच्या एसटी स्टँडवर होता. दोघं रसवंतीच्या बाकावर बसले. मध्ये एका माणसाची जागा सोडून. मुकादम असता तर सुटली नसती.

"नोकरी गेली," तो म्हणाला.

"माझ्यामुळं."

"गाजरामुळं. सणसवाडीत एका कारखान्यात विचारलंय. शिफ्टची ड्युटी आहे, खोली भाड्यानं मिळते..." तो अडखळला. "खोलीला छोटी गॅलरी आहे. कुंडीत गाजर येतं का?"

तिनं रसाचा ग्लास हातात फिरवला. "परवा यवतची मानसं येनार हायत."

"कळलं."

"मी पळून येनार न्हाई, सम्राट." ती पहिल्यांदाच त्याला नावानं हाक मारत होती. "आबा एकटं बसत्यात. मेंढ्या गेल्या तवा बी कुनाला काय बोलले न्हाईत. मी आशी गेले तर..."

"मी पळवणारही नाही. मोटारसायकल भावाची आहे."

ती हसायला लागली, आणि हसता हसताच रडली. त्यानं खिशात रुमालासाठी हात घातला. गाजर निघालं.

"अजून ठेवता?"

"सवय लागली." त्यानं ते परत खिशात ठेवलं. मग न बघता म्हणाला, "तू हो म्हणालीस तर मी थांबेन. नाही म्हणालीस तरी... थांबेनच बहुतेक. मला दुसरं काही येत नाही."

निमोण्याची एसटी लागली. ती उठली, दोन पावलं गेली, परत आली. "मी 'हो' कवाच म्हनले," ती म्हणाली. "करंगळी काढून घेतली त्या दिवशी." आणि गाडीत चढली.

रविवारी यवतची माणसं आली. जयसिंग वाईट नव्हता, हे सांगणं भाग आहे. कपडे नीटनेटके, बोलणं नीट, मोठ्यांच्या पाया पडला. ओसरीवर मुकादमासाठी गाजरांची पाटी होती. पोहे यायला वेळ लागत होता, म्हणून जयसिंगनं सहज एक गाजर उचललं. "घे रं."

आबांनी मान वर केली.

मुकादमानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. जयसिंगनं गाजर मोडून दिलं. मुकादमानं हनुवटी पंजांवर टेकली. जयसिंग चिकाटीचा. खिशातून चॉकलेट काढलं. मुकादमानं डोळे मिटून घेतले, पण ते मिटणं वेगळं होतं.

आबा सरळ होऊन बसले. "हरिबा," त्यांनी शेजारच्या ओसरीकडे हाक दिली, "जरा ये हिकडं. ह्याला गाजर दे बरं."

हरिबा आला. मुकादमानं त्याच्याकडे जुन्या रागानं पाहिलं.

आबांनी स्वतः दिलं. खाल्लं.

आबा किती तरी वेळ कुत्र्याकडे बघत राहिले. कुत्रं फितलेलं नव्हतं. परक्याला ते अजूनही परकंच समजत होतं. फक्त एका माणसाला समजत नव्हतं.

ते उठून आत गेले. सुषमा पोह्यांचं ताट हातात घेऊन दाराआड उभी होती.

"किती दिस लागलं गं?"

"कशाला, आबा?"

"मुकादमाला. त्याच्या हातचं खायला."

तिनं खाली पाहिलं. "लई लागलं."

"आन् तुला?"

तिनं ताट सावरून धरलं. "मला..." ती म्हणाली, "मुकादमापरास कमी."

आबांनी फेट्याच्या टोकानं नाक पुसलं. बाहेर आले, हात जोडले. "पाव्हनं, पोरगं लाख हाय तुमचं. पन आमच्या कुत्र्याचं जमत न्हाई."

"कुत्र्यावरनं स्थळ मोडता?" जयसिंगचे मामा उठूनच उभे राहिले.

"आमच्यात इचारावं लागतं," आबा म्हणाले. "पोहे घ्या."

सोमवारी आबा गावातल्या एसटीडी बूथवर गेले. कार्ड त्यांनी सुषमाकडून मागून घेतलं होतं; तिनं ओढणीची गाठ सोडून दिलं. कार्डावर दौंडच्या घरचा नंबर पेनानं लिहिलेला होता. फोन सम्राटनंच उचलला.

"मुकादम कालपासनं गाजर खात न्हाई," आबा मोठ्यानं म्हणाले. बूथमधल्या माणसांना लांबचा फोन मोठ्यानं बोलावा लागतो असं वाटतं. "तुम्ही कवा येताय?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "आबा... उद्या येऊ?"

"आईबापाला घिऊन या."

मुकादमानं त्या सकाळी पाच गाजरं खाल्ली होती. सुषमा बूथबाहेरच उभी होती. बापाला खोटं बोलताना तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं, आणि ते तिला फार छान जमलं असं वाटलं.

मंगळवारी म्हाळू ओव्हाळ आणि ताईबाई निमोण्याला आले. म्हाळू रेल्वेतून रिटायर झालेले, इस्त्रीचा शर्ट. ओसरीवर भावकीतले चारजण मुद्दाम येऊन बसले होते. चहा आला. कपबशा एकसारख्या आहेत की नाहीत, हे ताईबाईंनी सवयीनं आधी पाहिलं. एकसारख्या होत्या. गिताबाईंनी ट्रे हलवून कप इकडचे तिकडे केले, म्हणजे कुठला कुणासाठी ठेवलाय हे कुणालाच सांगता येऊ नये. तेवढं एकच त्यांनी केलं, पण ताईबाईंनी ते पाहिलं.

भावकीतला एकजण खाकरला. "आबा, हातचं खानं म्हंजी... सोपं हाय का? कुत्र्याचं येगळं."

"मुकादमाला ठेचा चारूनशान परका वळखायला शिकवला," आबा म्हणाले. "तुला कुनी शिकवलं न्हाई, म्हनून तुला अजून वळखता येत न्हाई. चहा घे, न्हाईतर जा."

दोघं गेले. दोघांनी चहा घेतला.

ताईबाईंनी सुषमाला जवळ बसवलं. "आमच्या घरात देव्हारा न्हाई, बाळ. बाबासाहेब हायत आन् भगवान बुद्ध हायत. चालंल का तुला?"

"चालंल. मला एक सांगा," सुषमा म्हणाली, "हे घरी काय खात्यात?"

"सम्राट? भाजी बगितली की तोंड वाकडं करतो ल्हानपनापासनं. गाजराला तर हात लावत न्हाई."

सुषमानं वळून सम्राटकडे पाहिलं. तो ओसरीच्या कडेला मुकादमाजवळ बसून होता आणि एकदम फार मन लावून मुकादमाचे कान तपासू लागला.

"लागंल सवय," ती म्हणाली. "आधी हात वर ठेवावा लागतो."

गावानं महिनाभर चर्चा केली. मग कांद्याचा भाव पडला आणि विषय बदलला. सम्राटला सणसवाडीत नोकरी लागली, खोली मिळाली. लग्न मे महिन्यात दौंडला, विहाराच्या हॉलमध्ये ठरलं. आबांची अट एकच होती, की मुकादमाला पहिल्या रांगेत बसवायचं. म्हाळूंनी स्वतः एक खुर्ची राखून ठेवली, तिच्यावर चादर घातली. निमोण्याहून त्याच्यासाठी खास जीप केली. गळ्यात नवा पट्टा, पट्ट्याला फूल. आबा जीपमध्ये त्याच्या शेजारी बसले, आणि गाव सोडताना त्यांना कळप परत मिळाल्यासारखं वाटलं, असं त्यांनी पुढं कुणाला तरी सांगितलं.

मुकादम लग्नाला आला नाही. वाटेवरच्या न्हावऱ्यातच त्याला उतरवून हरिबाबरोबर परत पाठवावं लागलं. त्याला गाडी लागते.